'डोक्यात करंट सोडल्यावर मी मीच राहीन का?'

डॉक्टर, माझ्या मिस्टरांना नऊ वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. आता त्यांचं वय ६२. सुरुवातीची पाच-सहा वर्षं गोळ्यांवर चांगली गेली. आता लेव्होडोपा दिवसातून सहा वेळा घ्यावी लागते, तरी दोन-अडीच तासांत असर उतरतो. मग उजवा हात थरथरतो, पाय जड होतात, रात्री कूससुद्धा मलाच बदलून द्यावी लागते. गोळी चढली की चांगले चालतात, पण मग मान आणि खांदे सारखे वळवळत राहतात. आवाजही खोल गेलाय. आमच्या न्यूरोलॉजिस्टनी डीबीएस, म्हणजे मेंदूत तार बसवून तिथे सतत वीज देण्याचं ऑपरेशन (डीप ब्रेन स्टिम्युलेशन), सुचवलं आहे. मुलगा म्हणतो, लगेच करू, बाबा पूर्ण बरे होतील. दीर म्हणतात, मेंदूला हात लावायचा तो अगदी शेवटी, दुसरा इलाजच उरला नाही की. आणि हे स्वतः विचारतात, 'डोक्यात करंट सोडल्यावर मी मीच राहीन का?' यावर मला उत्तर सुचत नाही. ते पूर्वी रोज पोहायचे. ऑपरेशननंतर पुन्हा पोहता येईल का, असंही त्यांनी विचारायला सांगितलंय.

ता. क. हल्ली ते रात्र-रात्र जागून मोबाइलवर काहीबाही मागवत असतात. बोललं की चिडतात. आजाराशी याचा संबंध नसावा, पण लिहून टाकलं.

ताई,

तुमच्या घरात तीन मतं आहेत. मुलाला वाटतं बाबा पूर्ण बरे होतील, तसं होणार नाही. दिरांना वाटतं शेवटी करावं, पण शेवटी केलं तर बहुतेक वेळा फायद्याची वेळ निघून गेलेली असते. यजमानांची शंका मात्र रास्त आहे. तिचं उत्तर तुमच्या ताज्या कलमापासून सुरू होतं, त्यामुळे ते शेपटाला टाकलंत तरी मी ते सोडणार नाही. त्याकडे येतेच.

आधी तुम्ही सहज लिहून गेलात ते एक वाक्य घेऊ: 'गोळी चढली की चांगले चालतात.' अख्ख्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे. डीबीएसकडून काय पदरात पडेल याचा अंदाज बांधायचा, तर पेशंटचा दिवसातला सगळ्यात चांगला तास बघायचा. गोळी पूर्ण चढल्यावर ते जसे असतात, साधारण तसेच डीबीएस त्यांना दिवसातले जास्तीत जास्त तास ठेवू शकतं. त्या तासापेक्षा वरचं काही सहसा देत नाही. याला ठळक अपवाद थरथरीचा. गोळ्यांना दाद न देणारी थरथरसुद्धा डीबीएसने पुष्कळदा थांबते.

हा अंदाज नुसता मनाशी बांधायचा नसतो, त्याची रीतसर चाचणी असते. रात्रभर, साधारण १२ तास, पार्किन्सन्सची औषधं बंद ठेवतात. सकाळी पेशंट अगदी आखडलेला असताना त्याच्याकडून ठरावीक हालचाली करून घेतात: अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवून उघडायची, टाच आपटायची, हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, चालत जाऊन वळून यायचं. प्रत्येक हालचालीला गुण. मग लेव्होडोपाचा नेहमीच्या सकाळच्या डोसपेक्षा थोडा जास्त डोस देतात आणि तो चढला की तीच परीक्षा पुन्हा घेतात. गुणांत निदान ३० टक्के सुधारणा दिसली तर गाडी पुढे सरकते. ही चाचणी होईल तेव्हा तुम्ही, मुलगा आणि दीर, तिघांनीही बसून बघा. गोळी चढल्यावरही जे सुधारलं नाही ते ऑपरेशनने सुधारण्याची आशा फारशी धरायची नाही, हे तिथे डोळ्यांदेखत कळतं. माझ्या समजावण्यापेक्षा त्याने तुमच्या घरातला वाद लवकर मिटेल.

या चाचणीने आणखी एक गोष्ट पारखली जाते. पार्किन्सन्ससारखे दिसणारे पण वेगळे आजार असतात, मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी किंवा प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी यांसारखे. त्यांत लेव्होडोपा फार काळ टिकाव धरत नाही आणि डीबीएसचाही उपयोग होत नाही. नऊ वर्षं गोळीला इतकी स्पष्ट दाद देणारा माणूस त्या गटातला वाटत नाही, पण शिक्कामोर्तब तुमच्या न्यूरोलॉजिस्टनीच करायचं.

आता करंटबद्दल. करंट म्हटलं की लोकांना मानसोपचारात देतात तो शॉक आठवतो. त्याचा आणि याचा काही संबंध नाही. त्यात भूल देऊन मेंदूत मुद्दाम झटका आणतात. इथे मेंदूतल्या काही मिलिमीटरच्या एका ठिकाणी, दिवसरात्र, मोजके मिलिअँपिअर वीज जाते आणि नीट जुळवलेली असेल तर पेशंटला ती जाणवतही नाही.

ती काय करते? मेंदूच्या तळाशी सबस्टान्शिया नायग्रा नावाचा काळपट पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी मरत जातात, आणि हात पहिल्यांदा थरथरतो तोवर त्यांतल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गेलेल्याही असतात. डोपामिन आटलं की हालचालीचा कारभार बघणाऱ्या भागांतल्या पेशी नको इतक्या एकत्र येऊन एकाच ठेक्यात चालू-बंद होऊ लागतात. हा ठेका सेकंदाला साधारण १३ ते ३० आवर्तनांचा असतो, त्याला बीटा लय म्हणतात. भरल्या सभागृहात सगळेच एका सुरात घोषणा द्यायला लागले की ज्याला काही कामाचं सांगायचंय त्याचा आवाज पोचतच नाही, तसा 'पाय उचल' हा निरोप या ठेक्याखाली दबतो. डीबीएसची तार सबथॅलॅमिक न्यूक्लिअस नावाच्या केंद्रात असते आणि तिथे सेकंदाला साधारण १३० ठोके देते. एकेक ठोका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम साठ भाग टिकतो. एवढ्याने घोषणा फुटते आणि निरोप पुढे जातो. पेशींच्या पातळीवर नेमकं काय काय घडतं यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. बीटा लय मोडते आणि अंग सैल होतं, एवढं मात्र मोजून दाखवता येतं.

दिरांना हा नवा प्रयोग वाटत असेल तर त्यांना थोडा इतिहास सांगा. लेव्होडोपा १९६० च्या दशकात आली. त्याआधी थरथर थांबवायला सर्जन मेंदूतला एक छोटा भाग जाळून टाकत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना हे बघायला तिथे वीज देऊन तपासत. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथले न्यूरोसर्जन आलिम-लुई बेनाबिद यांच्या लक्षात आलं की वीज वेगाने, सेकंदाला शंभराच्या आसपास ठोक्यांनी दिली तर थरथर तिथल्या तिथे थांबते आणि बंद केली की परत येते. मग जाळायचं तरी कशाला? १९८७ मध्ये त्यांनी आणि पिएर पोलाक यांनी थॅलॅमस या मेंदूच्या मध्याजवळच्या भागात तार कायमची ठेवून असा उपचार केल्याचं प्रसिद्ध केलं. त्याने थरथर थांबली, पण आखडणं आणि मंदपणा तसाच राहिला.

पुढचा धागा एका भयंकर अपघातातून मिळाला. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी पुतळ्यासारखे गोठले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन होतं आणि त्याने नेमक्या सबस्टान्शिया नायग्रातल्या पेशी मारल्या होत्या. त्या पोरांची आयुष्यं बरबाद झाली, पण माकडांत पार्किन्सन्स निर्माण करून अभ्यास करायची वाट त्यातून निघाली. १९९० मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ मॅलन डिलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माकडांत सबथॅलॅमिक न्यूक्लिअस गप्प केला, आणि माकडं पुन्हा हालचाल करू लागली. १९९३ मध्ये ग्रनोबलच्या चमूने याच केंद्रात पेशंटला तार बसवली. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने थरथरीसाठी १९९७ मध्ये आणि पुढे गेलेल्या पार्किन्सन्ससाठी २००२ मध्ये मान्यता दिली. म्हणजे उपचार चांगला मुरलेला आहे.

ऑपरेशन कसं होतं ते यजमानांना आधीच तपशिलात सांगा. माझा अनुभव असा की अंधारात ठेवलेला माणूस जास्त घाबरतो. बऱ्याच ठिकाणी त्या सकाळी डोक्याला धातूची चौकट बसवतात. ती घट्ट करताना त्या जागा बधिर केलेल्या असतात, तरी दाब जाणवतो आणि तो भाग कुणालाच आवडत नाही. मग एमआरआय आणि सीटीच्या प्रतिमा एकमेकींवर बसवून, रक्तवाहिन्या चुकवत, कॉम्प्युटरवर वाट आखतात. कवटीला दीड सेंटिमीटरच्या आतबाहेरचं एकेक छिद्र, दोन्ही बाजूंना. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी या टप्प्यावर पेशंटला जागं ठेवतात. बारीक सुई आत सरकत असताना पेशींची विद्युत खरखर स्पीकरवर ऐकू येते. सबथॅलॅमिक न्यूक्लिअस आला की ती एकदम दाट होते, खोलीतल्या सगळ्यांना कळते. मग चाचणीपुरता करंट देतात आणि विचारत राहतात: मूठ उघडा, मिटा, वारांची नावं उलटी म्हणा, कुठे मुंग्या येतात का, दोन-दोन दिसतंय का. तार जवळपास सव्वा मिलिमीटर जाडीची असते, टोकाशी चार किंवा आठ संपर्कबिंदू. ती कानामागून मानेच्या कातडीखालून छातीपर्यंत आणतात आणि कॉलरच्या हाडाखाली बॅटरीची डबी बसवतात. हा शेवटचा भाग पूर्ण भुलीत होतो. जागं राहण्याचाच धसका असेल तर सगळं ऑपरेशन भुलीत करणारीही केंद्रं आहेत आणि अनुभवी हातांत त्याचे निकाल तोडीस तोड आहेत. सर्जनना तसं स्पष्ट विचारा.

खरी मेहनत त्यानंतर सुरू होते आणि घरच्यांना नेमकी याचीच कल्पना नसते. तार आत शिरताना तिथे बारीकशी इजा आणि सूज येते, तिचाच असर म्हणून पहिले काही दिवस मशीन सुरू न करताही बरं वाटू शकतं. तुमचा मुलगा 'बघ, मी सांगत होतो' म्हणेल. मग काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, ते ओसरतं आणि ऑपरेशन फसलं की काय म्हणून फोन येतात. फसलेलं नसतं. प्रोग्रॅमिंग, म्हणजे करंट कुठे आणि किती द्यायचा ते जुळवणं, अजून व्हायचं असतं.

ते सहसा दोन ते चार आठवड्यांनी सुरू करतो. सकाळची गोळी न घेता यायचं. मी पेशंटचं मनगट एका हातात धरून सावकाश गोल फिरवत राहते. आखडलेलं मनगट टप्प्याटप्प्याने अडखळत फिरतं. दुसऱ्या हातात टॅबलेट: अर्धा मिलिअँपिअर, एक, दीड. एका आकड्यावर ते अडखळणं विरघळतं, मनगट सैल पडतं आणि पुष्कळदा ते मला पेशंटच्या आधी कळतं. आणखी वाढवत गेलं की एका टप्प्यावर जीभ जड होते, किंवा ओठाचा कोपरा एका बाजूला ओढला जातो. करंट शेजारच्या तंतूंमध्ये सांडल्याची ती खूण. मनगट सैल झालं तो आकडा आणि ओठ ओढला गेला तो आकडा, यांच्यामधली जागा ऐसपैस असली की पुढचं काम सोपं. चिंचोळी असली की बिंदू बदलून बघा, दिशा बदलून बघा, ठोक्यांची गती बदलून बघा. हे एकेका बिंदूवर, दोन्ही बाजूंचं करायचं, आणि त्याच वेळी गोळ्या हळूहळू उतरवत न्यायच्या. बस्तान बसायला तीन ते सहा महिने लागतात. एवढा धीर घरात आहे का, याचा आधी विचार करा.

सबथॅलॅमिक न्यूक्लिअस निवडला तर गोळ्यांचा एकूण डोस पुष्कळदा एकतृतीयांश ते निम्म्याने कमी करता येतो आणि त्यामुळे मानखांद्यांची वळवळही उतरते. दुसरं ठिकाण म्हणजे ग्लोबस पॅलिडस इंटर्ना. तिथे तार ठेवली तर गोळ्या फारशा कमी होत नाहीत, पण वळवळ थेट दबते. हालचालीतला फायदा दोन्हींकडे जवळपास सारखा. निवड टीमवर सोडा.

फायदा किती, असं मुलगा विचारेल. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५५ पेशंटांच्या अमेरिकन चाचणीत सहा महिन्यांनी डीबीएस गटाला दिवसाकाठी सरासरी ४.६ तास जास्त चांगले मिळाले, म्हणजे हालचाल मोकळी आणि त्रासदायक वळवळ नाही असे. नुसत्या औषधांच्या गटाचा वाढीव वेळ शून्य. तुमच्या घरच्या भाषेत याचा अर्थ रात्री कूस स्वतःची स्वतः बदलता येणं, जिना उतरायला गोळीची वाट बघावी न लागणं. आजार मात्र आत आपल्या गतीने चालूच राहतो. डीबीएस त्याला थांबवतं असा पुरावा नाही. तोल जाणं, गिळताना ठसका, विसराळूपणा, बद्धकोष्ठ यांवर त्याचा भरवसा धरू नका. गोळी चढलेली असतानाही पाय जमिनीला चिकटत असतील तर तेही सुटण्याची शक्यता कमी. आवाजाचं तर स्पष्टच सांगते: खोल गेलेला आवाज यातून परत येत नाही, उलट काहींचं बोलणं ऑपरेशननंतर आणखी अस्पष्ट होतं. स्पीच थेरपी आत्ताच सुरू करा, ऑपरेशनसाठी थांबू नका.

दिरांच्या 'शेवटी करू'चं घोडं इथेच अडतं. शेवटी म्हणजे जेव्हा तोल गेलेला असतो, स्मृती ढासळलेली असते आणि गोळीचा चांगला तासच उरलेला नसतो. मग डीबीएसने वाढवायचं काय? स्मृतिभ्रंश असेल तर हे ऑपरेशन सहसा करतही नाहीत. २०१३ मध्ये जर्मनी आणि फ्रान्समधल्या २५१ पेशंटांचा अभ्यास आला. आजार सरासरी साडेसात वर्षांचा, गोळीचा चढउतार नुकता सुरू झालेला. दोन वर्षांनी डीबीएस गटाचा जीवनमानाचा निर्देशांक २६ टक्क्यांनी सुधारला, औषधांच्या गटाचा होता तिथेच राहिला. त्यातले पेशंट तुमच्या यजमानांपेक्षा थोडे तरुण होते, साठीच्या आतले, हे मी लपवत नाही. पण ६२ हे काही वय झालं नाही. न्यूरोलॉजिस्ट एक सोपा ठोकताळा वापरतात: दिवसाला लेव्होडोपाचे पाच किंवा जास्त डोस, दोन तास किंवा जास्त 'ऑफ' (गोळीचा असर उतरलेला वेळ), किंवा तासभर त्रासदायक वळवळ, यांतलं काहीही असेल तर पुढच्या उपचारांचा विचार सुरू करावा. तुमच्याकडे डोस सहा आहेत. तुमच्या डॉक्टरांनी घाई केलेली नाही.

धोके आहेत. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात एक-दोघांना असतो आणि त्यातल्या काहींना कायमचं अपंगत्व येतं, क्वचित मृत्यूही. तारेला किंवा डबीला जंतुसंसर्ग त्याहून जास्त वेळा होतो. त्यात कधीकधी सगळं काढून काही महिन्यांनी पुन्हा बसवावं लागतं. साधी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते. रिचार्जेबल पंधरा वर्षं किंवा जास्त टिकते, पण ती नियमाने चार्ज करायला शिस्त हवी. बॅटरी अचानक संपली तर लक्षणं एकदम उसळतात आणि ती तातडीची बाब समजायची. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: फिजिओथेरपीत डायथर्मी नावाचा शेक देतात, तो डीबीएस असलेल्या माणसाला शरीरात कुठेही, कधीही द्यायचा नाही. त्याची ऊर्जा तारेतून मेंदूत उतरून गंभीर इजा होऊ शकते. एमआरआय करायचा तर मशीनच्या अटी तपासूनच.

आता यजमानांचा प्रश्न. आठवणी, आवडीनिवडी, तुमच्यावरचा जीव यांतलं काहीही त्या केंद्रात साठवलेलं नसतं. पण सबथॅलॅमिक न्यूक्लिअसच्याच एका कोपऱ्यातून भावना आणि निर्णय यांच्या वाटा जातात, त्यामुळे 'काही होत नाही हो' असं म्हणून मी ते झटकणार नाही. सुरुवातीला काही जण बडबडे, उतावळे होतात. काही जण, विशेषतः गोळ्या फार झपाट्याने कमी केल्या तर, निरुत्साही होतात. पटापट शब्द सुचण्याचा वेग किंचित मंदावतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात नैराश्यावर आणि आत्महत्येच्या विचारांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. पूर्वी कधी नैराश्य आलं असेल तर ते आजच डॉक्टरांना सांगा. यातलं बरंचसं करंट किंवा गोळ्या बदलून सावरता येतं, आणि वेळ आली तर मशीन बंद करता येतं. जाळलेला भाग परत आणता येत नाही. करंट बंद करता येतो, हे त्यांना आवर्जून सांगा.

आणि आता तुमचं ताजं कलम. ताई, त्याचा आजाराशी नाही तरी औषधाशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे. त्यांच्या औषधांच्या यादीत प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल आहे का बघा. डोपामिनसारखं काम करणाऱ्या या गटातल्या औषधांनी काही जणांना आवर न घालता येणारी ओढ लागते: खरेदी, जुगार, सतत खाणं, कामवासना, किंवा रात्रभर एकच वस्तू उघडत-जोडत बसणं. लेव्होडोपानेही होतं, पण कमी. माणूस हुशार असतो, आपण काय करतोय ते त्याला दिसत असतं आणि थांबवता येत नसतं, म्हणून तो चिडतो. म्हणजे ज्या बदलाची भीती त्यांना तारेपासून वाटतेय तो कदाचित गोळीने आधीच सुरू केला आहे. हे त्यांना दोष न देता सांगितलंत तर माझा अंदाज आहे की त्यांना हायसंच वाटेल. हे पुढच्या भेटीपर्यंत न थांबता डॉक्टरांना कळवा, कारण ऑपरेशनचा आणि कुठल्या केंद्रात तार ठेवायची याचा निर्णयही त्याने बदलू शकतो. ऑपरेशननंतर गोळ्या कमी झाल्या की ही ओढ पुष्कळांची सुटते, काहींची मात्र नाही. आणि गोळी स्वतःहून बंद करू नका. ती एकदम थांबवली तर घाबरेपणा, घाम, खोल उदासी असा वेगळाच त्रास उभा राहतो.

पोहण्याबद्दल. झुरिकच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये नऊ पेशंटांची माहिती प्रसिद्ध केली. सगळे पूर्वी चांगले पोहणारे, डीबीएसने चालणं-फिरणं सुधारलेलं, आणि पाण्यात उतरल्यावर हातापायांचा मेळच बसेना. एकाला बुडताना वाचवावं लागलं. तिघांनी मशीन बंद करून पाहिलं तर पोहणं लगेच परत आलं. सगळ्यांचं असं होतं असं नाही. पण जमीन आणि पाणी यांचा हिशोब इथे वेगळा निघतो, तेव्हा ऑपरेशननंतर पहिल्यांदा पाण्यात जायचं ते डॉक्टरांना विचारून, छातीभर पाण्यापर्यंतच, आणि शेजारी हात धरू शकेल असा माणूस असताना.

ते नाही म्हणाले तर? तर नाही. डोकं त्यांचं आहे, आणि घरच्यांनी रेटून केलेल्या ऑपरेशनचं प्रोग्रॅमिंग मी पाहिलेलं आहे, तिथे प्रत्येक बारीक कुरबुर आरोप होऊन येते. डीबीएसखेरीज पंपाने आतड्यात किंवा कातडीखाली लेव्होडोपा सतत सोडता येते, अपोमॉर्फिनचा पंप आहे. फोकस्ड अल्ट्रासाउंडमध्ये कवटी न उघडता आतला ठिपका जाळतात, पण जाळलेलं परत येत नाही. डोक्याला बाहेरून चुंबक लावून किंवा टोपी घालून वीज देणारे उपचार मात्र डीबीएसच्या बदली म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर पैसे सांभाळा. पार्किन्सन्समध्ये त्यांचा तसा फायदा सिद्ध झालेला नाही. मेंदूतली बीटा लय स्वतःच वाचून करंट कमी-जास्त करणारं डीबीएस मात्र खरं आहे, २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज सुचवलेलं साधं मशीन त्यासाठी अडवून धरायची गरज नाही.

पुढच्या भेटीआधी सलग तीन दिवस वहीत दर अर्ध्या तासाची नोंद करा: ऑफ, ऑन (गोळी चढलेली), की वळवळीसकट ऑन. गोळीच्या वेळाही. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा, तोंडी सांगण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त. ज्याने हे ऑपरेशन करून घेतलंय अशा एखाद्या पेशंटशी यजमानांची गाठ घालून द्यायला सांगा, आणि त्या दोघांना एकटं बोलू द्या. सर्जनला विचारायच्या प्रश्नांत सगळ्यात वर हा लिहा: ऑपरेशननंतर प्रोग्रॅमिंग कोण करणार, पहिल्या सहा महिन्यांत किती वेळा, आणि मध्यरात्री मशीन बंद पडलं तर फोन कुणाला करायचा? याची उत्तरं नावानिशी मिळाली नाहीत तर दुसरं केंद्र बघा, सर्जन कितीही नावाजलेला असला तरी.